गर्भारपण आणि आमवात



गर्भारपण म्हणजे स्त्रीच्या शरीरावरील मोठा भार, ही आपली नेहमींची समजूत आहे आणि ती खोटी नाहीं. रक्त कमी पडतें, पाय सुजतात, कंबर धरते. अशा स्थितींत अंगांत आधींपासून मुरलेलें एखादें दुखणें वाढेल, असेंच कोणासहि वाटावें. परंतु एक जुनाट दुखणें असें आहे कीं, पुष्कळ स्त्रियांच्या बाबतींत तें ह्या नऊ महिन्यांत वाढण्याऐवजीं उतरतें. जी स्त्री सकाळीं उठल्यावर तासभर मूठ वळवूं शकत नव्हती, ती चौथ्या-पांचव्या महिन्यापासून आपली वेणी आपण घालूं लागते, धुणें पिळूं लागते. मग बाळ जन्मास येतें, आणि पुढील दोन-चार महिन्यांत तें दुखणें बहुधा पुन्हां हजर होतें. हा उतार कां पडतो आणि तो टिकत कां नाहीं, ह्या प्रश्नानें गेलीं जवळजवळ शंभर वर्षें वैद्यकशास्त्राला कामाला लावलें आहे.

आपल्या घरांत 'वात' हा शब्द फार सैल वापरला जातो. आजोबांचे गुडघे दुखले तर वात, मान धरली तर वात, हातापायांस मुंग्या आल्या तरी वातच. म्हातारपणीं सांध्यांची झीज होऊन जें दुखणें येतें तें निराळें. आज मी ज्याविषयीं बोलत आहें तो आमवात, म्हणजे डॉक्टर मंडळी ज्यास रूमेटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात तो. तो वयाची वाट पाहत नाहीं. पंचविशी-तिशींतल्या माणसासहि तो धरतो, आणि पुरुषांपेक्षां स्त्रियांस सुमारें तिप्पट प्रमाणांत धरतो. दोन्ही हातांच्या बोटांचे व मनगटाचे लहान सांधे एकाच वेळीं सुजतात, आणि सकाळीं अंग असें आखडतें कीं, तें सैल व्हावयास तास-दीड तास लागतो. ह्याचें मूळ झिजेंत नाहीं. बाहेरून येणाऱ्या जंतूंशीं लढण्यासाठीं शरीरानें जी प्रतिकारशक्ति बाळगलेली असते, तीच येथें सांध्याच्या आंतल्या अस्तरास परकें समजून त्यावर तुटून पडते. अस्तर सुजतें, जाड होतें, आणि वेळींच आवरलें नाहीं तर शेजारची कूर्चा व हाड कुरतडूं लागतें.

ह्या रोगाला उतार पडूं शकतो, हें ज्यानें नेटानें जगापुढें मांडलें तो अमेरिकेंतील मिनेसोटा संस्थानांतल्या रॉचेस्टर येथील मेयो क्लिनिकमधला एक डॉक्टर. डॉ. फिलिप हेन्च हें त्याचें नांव. १९२९ सालच्या एप्रिलमध्यें त्याच्याकडे आलेला एक रोगी स्वतः डॉक्टर होता, वय ६५. त्याला काविळ झाली, आणि काविळीबरोबर त्याचा कित्येक वर्षांचा आमवात पळाला. त्या काळीं आमवात म्हणजे न परतणारा रोग, कदाचित् कोठल्या तरी जंतूचा प्रताप, अशी सार्वत्रिक समजूत होती. हेन्चनें मात्र ह्या गोष्टीकडे योगायोग म्हणून पाहिलें नाहीं. तो तशा रोग्यांची नोंद ठेवूं लागला. पुढें त्याच्या ध्यानांत आलें कीं, काविळीसारखाच उतार गर्भारपणांतहि पडतो. १९३८ सालीं त्यानें गर्भारपणांतल्या ह्या उताराविषयीं सविस्तर लेख प्रसिद्ध केला. बायकांना ही गोष्ट त्याच्या पुष्कळ आधीं ठाऊक असली पाहिजे, असें मला वाटतें. परंतु त्यांना कोणी विचारलें नसावें.

हेन्चचें तर्कशास्त्र साधें होतें. काविळींत पित्त वाढतें, म्हणून पित्तच औषध असावें, असें धरून त्यानें रोग्यांस पित्त, पित्ताचे क्षार, काविळ झालेल्या माणसांचें रक्तसुद्धां देऊन पाहिलें. कशाचाहि उपयोग झाला नाहीं. मग त्यानें असा विचार केला: काविळ पुरुषांनाहि होते, आणि तिच्यांत पुरुषांनाहि आराम पडतो. म्हणजे गर्भारपणांत आराम देणारा पदार्थ केवळ स्त्रीच्या शरीरांतला असूं शकत नाहीं, आणि काविळींत आराम देणारा पदार्थ केवळ पित्तांतला असूं शकत नाहीं. दोहोंत समान असा, स्त्रीपुरुष दोघांच्याहि अंगांत असलेला, असा एखादा तिसराच पदार्थ असला पाहिजे. त्याला त्यानें नुसतें 'पदार्थ क्ष' असें नांव देऊन ठेवलें. त्याच संस्थेंत एडवर्ड केंडॉल हा रसायनशास्त्रज्ञ मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या ग्रंथींतून एकेक द्रव्य वेगळें काढीत होता. त्यांतलें एक तेंच असावें, अशी दोघांची अटकळ झाली. पण तें द्रव्य गुंजभर मिळणेंहि मुष्कील होतें. शेवटीं २१ सप्टेंबर १९४८ रोजीं तें एका २९ वर्षांच्या, आमवातानें खिळलेल्या स्त्रीस टोंचण्यांत आलें. आठवड्याच्या आंत ती पायीं बाजारांत खरेदी करून आली. ह्या औषधास पुढें कॉर्टिझोन हें नांव पडलें, आणि १९५० सालीं हेन्च, केंडॉल व स्वित्झर्लंडमधील टाडेउश राइखश्टाइन ह्या तिघांना नोबेल पारितोषिक मिळालें.

येथवर गोष्ट सुरेख जमते. परंतु ती जमते तितकी सरळ नाहीं. कॉर्टिझोन फार दिवस घेतल्यास चेहरा सुजतो, हाडें ठिसूळ होतात, जंतूंस आंत शिरावयास वाट सांपडते, हें लौकरच कळून आलें. गर्भारपणांत तर असें कांहीं होत नाहीं. तेव्हां त्या नऊ महिन्यांत शरीर जें करतें तें कॉर्टिझोनच्या एका टोंचणीहून कितीतरी सूक्ष्म असलें पाहिजे. गर्भिणीच्या रक्तांत त्या जातीचें द्रव्य दुपटी-तिपटीनें वाढतें, हें खरें. पण त्यांतलें बरेंचसें प्रथिनांस चिकटून निष्क्रिय राहतें, आणि एकीस आराम कां पडतो व दुसरीस कां पडत नाहीं, ह्याचें उत्तर त्यावरून मिळत नाहीं. चुकीच्या नाहीं, पण अपुऱ्या तर्काच्या पाठीवर बसून एवढें मोठें औषध हातीं आलें, ही शास्त्राच्या इतिहासांतली मोठी मौजेची गोष्ट आहे.

खरें कोडें समजावून घ्यावयाचें तर दुसऱ्याच बाजूनें यावें लागतें. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत पीटर मेडावर हा इंग्रज शास्त्रज्ञ भाजलेल्या माणसांवर त्वचेचीं कलमें करण्याच्या प्रश्नाचा अभ्यास करीत होता. एकाची त्वचा दुसऱ्याच्या अंगावर लावली तर ती थोड्या दिवसांत गळून पडते, कारण प्रतिकारशक्ति तिला परकी म्हणून ओळखते. प्रत्येक माणसाच्या पेशींवर त्याचीं त्याचीं ओळखचिन्हें असतात; निम्मीं आईकडून आलेलीं, निम्मीं बापाकडून. १९५३ सालीं मेडावरनें विचारलें: मग गर्भाचें काय? गर्भाचीं निम्मीं चिन्हें बापाचीं, म्हणजे आईस सर्वस्वी परकीं. बापाच्या त्वचेचा तुकडा जी आई पंधरा दिवस अंगावर ठेवूं शकत नाहीं, ती त्याचेंच अर्धें अंग नऊ महिने पोटांत कशी वाढविते? मेडावरनें तीन उत्तरें सुचविलीं: आई व गर्भ ह्यांच्यामध्यें भिंत असावी, किंवा गर्भाचीं चिन्हें अद्याप उमटलेलीं नसावींत, किंवा आईची प्रतिकारशक्ति मंद होत असावी. त्याला १९६० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें तें दुसऱ्या कामासाठीं. परंतु हा प्रश्न त्याहून कमी मोलाचा नव्हता.

त्या तिन्ही उत्तरांपैकीं एकहि जसेंच्या तसें टिकलें नाहीं. भिंत आहे, पण ती गळकी आहे. गर्भाच्या पेशी आईच्या रक्तांत जातात, आणि बाळंतपणानंतर २७ वर्षांनीं मुलाच्या पेशी आईच्या रक्तांत सांपडल्याची नोंद १९९६ सालीं अमेरिकेंत झालेली आहे. गर्भाचीं चिन्हेंहि लौकरच उमटतात. आणि आई मंद होत असती, तर प्रत्येक गर्भिणी सर्दी-पडशानेंच अंथरूण धरती. खरें असें आहे कीं, प्रतिकारशक्ति झोंपी जात नाहीं. तिची मांडणी बदलते. वारेच्या ज्या पेशी आईच्या रक्तास भिडतात, त्या बापाचीं नेहमींचीं ठळक चिन्हें अंगावर मिरवीत नाहींत. त्याऐवजीं त्या एक खास सौम्य चिन्ह पुढें करतात, आणि तें पाहून गर्भाशयांतल्या पहारेकरी पेशी हत्यार आवरतात. त्याच वेळीं आईच्या रक्तांत 'नियामक' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पेशींची संख्या वाढते. त्यांचें काम लढणाऱ्यांना थोपविण्याचें. पेशींकरवीं होणारा दाहक हल्ला त्यामुळें सौम्य होतो. ह्या साऱ्या बदलामागें वार, प्रोजेस्टेरोन, ईस्ट्रोजेन आणि ग्रंथींचीं तीं हेन्चचीं द्रव्यें, असे अनेक कारभारी आहेत.

आतां आमवाताशीं जोड लागते. सांध्याच्या अस्तरावरचा हल्ला हा मुख्यतः ह्याच दाहक पेशींचा हल्ला आहे. गर्भासाठीं घातलेला हा आवर सांध्यापर्यंतहि पोहोंचतो. सांध्याला त्याचा लाभ अनायासें होतो, त्याच्यासाठीं म्हणून तो घातलेला नसतो. ह्याला दुजोरा देणारें एक सुंदर निरीक्षण १९९३ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालें. आमवात असलेल्या स्त्रियांच्या ४६ गर्भारपणांत आई व मूल ह्यांच्या ओळखचिन्हांची तुलना करण्यांत आली. ज्या ३४ गर्भारपणांत दुखणें उतरलें होतें, त्यांतल्या २६ मध्यें बापाकडून आलेलीं चिन्हें आईच्या चिन्हांहून वेगळीं होतीं. ज्या १२ मध्यें दुखणें तसेंच राहिलें, त्यांत असा वेगळेपणा केवळ ३ मध्यें होता. म्हणजे मूल जितकें परकें, तितका आवर मोठा, तितका सांध्यास आराम! पुढील पाहण्यांत हा संबंध इतका स्पष्ट उतरला नाहीं, म्हणून त्यावर फार मोठी इमारत बांधूं नये; परंतु ती विचाराची दिशा अद्याप सोडलेली नाहीं.

आणखी एक बारीक गोष्ट. रक्तांतल्या प्रतिपिंडांस साखरेच्या लहान लहान सांखळ्या जोडलेल्या असतात. आमवाताच्या रोग्यांत ह्या सांखळ्यांच्या टोंकास गॅलॅक्टोज नांवाची जी साखर असावयाची, ती पुष्कळदां गहाळ असते. ऑक्सफर्डच्या व जपानच्या संशोधकांनीं १९८५ सालीं हें दाखविलें. गर्भारपणांत ती साखर पुन्हां लागते, आणि बाळंतपणानंतर पुन्हां झडते. दुखण्याची भरती-ओहोटी व ह्या साखरेची भरती-ओहोटी बरीचशी एका तालांत चालते.

किती स्त्रियांना हा आराम मिळतो? जुन्या लेखांत शेंकडा ७५ किंवा त्याहूनहि अधिक, असे आंकडे सांपडतात. ते बहुधा आठवणीवरून घेतलेले होते. नेदरलंड्समधील रॉटरडॅमच्या डॉक्टरांनीं स्त्रियांस गर्भारपणाच्या आधींपासून किंवा आरंभापासून तपासून ठेवलेला हिशेब २००८ सालीं प्रसिद्ध केला, तो अधिक विश्वसनीय आहे. पहिल्या तीन महिन्यांत ज्यांचें दुखणें बऱ्यापैकीं जागें होतें, त्यांतल्या शेंकडा ४८ जणींना पुढें निश्चित आराम पडला; आणि बाळंतपणानंतर शेंकडा ३९ जणींचें दुखणें उसळलें. म्हणजे अर्ध्याअधिक स्त्रियांच्या वांट्यास हा लाभ म्हणावा तसा येत नाहीं. ज्यांच्या रक्तांत ह्या रोगाचीं खास प्रतिपिंडें आढळत नाहींत, त्यांना आराम पडण्याचा संभव अधिक.

हा नियम सगळ्याच स्वशरीरावर उलटणाऱ्या रोगांस लागू नाहीं, हें येथेंच सांगितलें पाहिजे. मज्जातंतूंच्या वेष्टणावर हल्ला करणारा मल्टिपल स्क्लेरोसिस हा रोग आमवातासारखाच वागतो: शेवटच्या तीन महिन्यांत पुष्कळ शांत, बाळंतपणानंतरच्या तीन महिन्यांत पुन्हां तिखट. उलट ल्यूपस हा रोग गर्भारपणांत भडकूं शकतो, मूत्रपिंडांवर येऊं शकतो. कारण त्यांत प्रतिपिंडांचें राज्य आहे, आणि प्रतिपिंडें करणारी बाजू गर्भारपणांत तितकीशी आवरली जात नाहीं. म्हणून ल्यूपसच्या स्त्रीनें रोग निदान सहा महिने शांत राहिल्यावरच दिवस राहूं द्यावेत, असें तज्ज्ञ सांगतात. शेजारणीच्या अनुभवावरून आपला अंदाज बांधणें ह्या बाबतींत धोक्याचें आहे.

आणि ह्या नव्या मांडणीची किंमतहि शरीराला मोजावी लागते. १९१८ च्या व २००९ च्या इन्फ्ल्यूएंझाच्या साथींत गर्भिणींचे हाल इतरांहून अधिक झाले. आपल्या देशांत ह्याचें सर्वांत दारुण उदाहरण काविळीचें आहे. १९५५ च्या अखेरीस दिल्लीच्या पिण्याच्या पाण्यांत घाण मिसळून काविळीची प्रचंड साथ आली. तींत सुमारें २९,००० लोक पिवळे पडले, आणि गर्भिणींवर ती विशेष कठोर ठरली. तो विषाणु आज 'हिपॅटायटिस ई' म्हणून ओळखला जातो. गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत त्यानें गांठलें तर शेंकडा २० ते २५ स्त्रिया दगावूं शकतात. एका काविळीनें हेन्चला वाट दाखविली आणि दुसरी काविळ असा घात करते. गर्भिणीचें पाणी उकळूनच द्यावें, हा जुना सल्ला किती शहाणपणाचा आहे हें त्यावरून दिसेल.

आतां घरांतल्या गोष्टींकडे येऊं. आमवात असलेल्या मुलीला वडीलधारी मंडळी पुष्कळदां सांगतात, 'एक मूल होऊं दे, वात आपोआप जाईल.' हें सांगणें घातक आहे. पडतो तो उतार. रोग जात नाहीं. शिवाय त्या आशेवर औषधें एकाएकीं बंद केलीं तर दुखणें जागेंच राहतें, आणि जाग्या दुखण्यानें मूल अपुऱ्या दिवसांचें किंवा कमी वजनाचें होण्याची भीति वाढते. उलट सगळींच औषधें चालूं ठेवूनहि भागत नाहीं. मेथोट्रेक्सेट हें आमवाताचें मुख्य औषध गर्भास अपाय करतें. तें दिवस राहण्याच्या एक ते तीन महिने आधींच थांबवावें लागतें. लेफ्लुनोमाइड तर शरीरांत फार काळ रेंगाळतें आणि तें मुद्दाम धुवून काढावें लागतें. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, सल्फासालाझिन, थोड्या प्रमाणांत प्रेडनिसोलोन, हीं डॉक्टरच्या देखरेखीखालीं चालतात. नेहमींच्या वेदनाशामक गोळ्या मात्र गर्भारपणाच्या उत्तरार्धांत स्वतःच्या मनानें घेऊं नयेत. हा सारा विचार लग्नानंतर मूल हवें असें ठरतांच व्हावयास पाहिजे, दिवस गेल्यावर नव्हे.

मला सर्वांत अधिक काळजी वाटते ती पुढल्या काळाची. आपल्याकडे पहिलें बाळंतपण माहेरीं. मुलगी सातव्या-आठव्या महिन्यांत माहेरीं येते तेव्हां तिचे सांधे बहुधा गर्भारपणांतल्या त्या उतारामुळें शांत असतात. आई म्हणते, 'बरी झाली ग पोर.' तिचा रोग ओळखणारा डॉक्टर सासरच्या गांवीं. मग दोन महिन्यांनीं, रात्रीं दोन-दोनदां बाळाला उचलतांना, मनगट सुजूं लागतें. घरांत निदान ठरलेलें असतें: थंड पाण्यांत हात घातला, वारा लागला, बाळंतवात शिरला. शेगडी, तेल, शेक, डिंकाचे लाडू, ह्यांत वाईट कांहींच नाहीं. तेल-शेकानें बरेंहि वाटतें. परंतु त्यांत महिने जातात. आणि आमवातांत हाडाची जी हानि व्हावयाची, ती बरीचशी आरंभींच्या महिन्यांतच होते. इतकेंच नव्हे, तर ज्यांना हा रोग पूर्वीं कधींच नव्हता, अशा स्त्रियांतहि त्याचा पहिला झटका बाळंतपणानंतरच्या पहिल्या कांहीं महिन्यांत येण्याचा संभव इतर वेळेपेक्षां अधिक असतो. तेव्हां बाळंतिणीच्या दोन्ही हातांचे लहान सांधे सुजले, सकाळचा आखडलेपणा तासभर राहिला, आणि असें दीड-दोन महिने चाललें, तर त्यास बाळंतपणाचा शीण म्हणून सोडून देऊं नये. रक्ताची तपासणी साधी आहे. बाळ अंगावर पीत असतांना चालतील अशीं औषधेंहि आहेत. दूध तोडण्याची घाई करण्याचें कारण नाहीं.

ज्या स्त्रियांस गर्भारपणांत नवीं, टोंचून द्यावयाचीं जैविक औषधें चालूं होतीं, त्यांनीं ती गोष्ट बाळाच्या डॉक्टरास जन्माच्या वेळींच सांगावी. त्यांतलीं कांहीं औषधें वारेंतून बाळाच्या रक्तांत उतरतात, आणि आपल्याकडे क्षयावरची बी. सी. जी. ही जिवंत लस जन्मतांच टोंचली जाते. अशा बाळास ती कित्येकदां सहा महिन्यांपर्यंत लांबणीवर टाकावी लागते.

माहेरीं जातांना मुलीच्या पेटींत बाळंतविड्याबरोबर एक कागद असावा. त्यावर रोगाचें नांव, पूर्वीं घेतलेलीं व आतां चालूं असलेलीं औषधें, तीं कोणत्या तारखेस थांबविलीं, आणि नेहमींच्या डॉक्टरचा दूरध्वनि एवढें लिहिलेलें असावें. आणि बाळंतपणानंतर सहाव्या आठवड्यांत एकदां व तिसऱ्या महिन्यांत एकदां सांधे दाखविण्याची तारीख बाळ होण्यापूर्वींच ठरवून टाकावी. त्या वेळीं घरांत पाहुण्यांची वर्दळ असते, बारशाची गडबड असते, आणि आईच्या मनगटाकडे पाहावयास कोणालाच सवड नसते.